सल्ला : साध्या पेट्रोल इंजिनाला टर्बो जोडावा का?

वाचकाचे पत्र : सप्रेम नमस्कार. मी नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ राहतो आणि नोकरीनिमित्त आठवड्यातून दोनदा गाडीने कल्याणला जातो. माझी गाडी सहा वर्षांपूर्वी घेतलेली १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. परतताना गाडीत चार माणसे आणि एसी चालू असला, की कसारा घाटात ती तिसऱ्या गिअरशिवाय ओढत नाही. ओळखीच्या एका कारागिराने सव्वा लाख रुपयांत, दोन दिवसांत टर्बो किट बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. ‘इंजिन आतून तेच असते, फरक फक्त बाहेरच्या टर्बोचा,’ असे त्याचे म्हणणे आहे. माझे मामा म्हणतात, गाडी विकून टर्बोचीच घे. दोन्ही इंजिने आतून खरोखर सारखी असतात का? मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण सगळा तपशील दिला आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता आधी निर्णय सांगतो आणि मग कारणे. किट बसवू नका. कारागिराच्या मनात कपट असेल असे मला वाटत नाही, पण त्याचे वाक्य बॉनेट उघडून वरून पाहणाऱ्याचे आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिने उघडण्यात आणि पुन्हा उभी करण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली आहेत आणि टर्बोचे इंजिन ज्या ठिकाणी साध्या इंजिनापेक्षा वेगळे असते, त्यांतली बहुतेक ठिकाणे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून खालचे ऑइल पॅन काढल्याशिवाय दिसतच नाहीत.

आधी हवेचे पाहू, कारण बाकीचे सगळे त्यातून निघते. आपल्या गाडीचे इंजिन साधे, म्हणजे ज्याला नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड म्हणतात तसे आहे. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब त्या पोकळीत हवा ढकलतो. एका सिलिंडरची जागा सुमारे ३०० घनसेंटिमीटर असल्यामुळे थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, पूर्ण उघडे असतानाही एका घोटात एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपासच हवा आत येते. पेट्रोलच्या १ भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, त्यामुळे पेट्रोल किती जाळता येईल हेही तिथेच ठरून जाते. त्यात नाशिक आणि इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहेत आणि या उंचीवर हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी कमी असतो. कसाऱ्याहून वर येताना आपल्या इंजिनाचा घोट चढागणिक लहान होत जातो आणि ओझे मात्र तेच राहते.

टर्बोमध्ये एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके असतात. सायलेन्सरकडे निघालेला तप्त धूर एका चाकाला फिरवतो आणि दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. लहान मोटारींच्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला दीड ते दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो. ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची असून तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. वातावरणाच्या दाबावर आणखी एक बार, म्हणजे जवळजवळ वातावरणाएवढाच, दाब चढवला, की त्याच ३०० घनसेंटिमीटरच्या जागेत जवळजवळ दुप्पट हवा मावते. हवा दुप्पट, म्हणून पेट्रोल दुप्पट, आणि जळताना होणारा भडकाही त्याच प्रमाणात मोठा. हुंदाई क्रेटाची दोन पेट्रोल इंजिने शेजारी ठेवून पाहा : साधे इंजिन १,४९७ सीसीचे असून त्याची ताकद ११५ पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, सुमारे १४४ न्यूटन-मीटर आहे, तर टर्बोचे इंजिन १,४८२ सीसीचे, म्हणजे किंचित लहानच, असून त्याची ताकद १६० पीएस आणि टॉर्क २५३ न्यूटन-मीटर आहे. हा टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासूनच हाताशी असतो. घाटात त्या गाड्या आपल्याला मागे टाकून जातात त्याचे कारण हेच.

आता हा जास्तीचा जोर कोणाच्या अंगावर पडतो ते पाहा. साध्या पेट्रोल इंजिनात जळणाच्या वेळी सिलिंडरमधील कमाल दाब ढोबळमानाने ६० बारच्या आसपास जातो, टर्बोच्या इंजिनात तो १०० बारच्या घरात पोहोचतो. ७३ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचा हिशेब केला, तर पहिल्या स्थितीत त्याच्या माथ्यावर अडीच टनांचा आणि दुसऱ्या स्थितीत सव्वाचार टनांचा भार येतो. इंजिन ३,००० फेऱ्यांवर असेल, तर हा भार प्रत्येक पिस्टनवर दर मिनिटाला दीड हजार वेळा येतो.

माझ्या टेबलावर दोन जुने पिस्टन आहेत, एक साध्या इंजिनाचा आणि एक टर्बोचा. व्यास जवळजवळ सारखाच आहे, त्यामुळे कोणता कशाचा हे लांबून ओळखता येणार नाही. हातात घेतले की टर्बोचा जड लागतो. त्याचा माथा जाड आहे आणि मध्ये बशीसारखा खोलगट आहे, तर साध्याचा माथा जवळजवळ सपाट असून त्यावर व्हॉल्व्हपुरत्या चंद्रकोरी कोरल्या आहेत. टर्बोच्या पिस्टनमध्ये पिस्टनभोवती बसणाऱ्या पहिल्या रिंगची खाच माथ्यापासून बरीच खाली घेतली आहे, म्हणजे ज्वाळेची धग रिंगपर्यंत कमी पोहोचावी. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली भिंत साध्या पिस्टनमध्ये नखाएवढी पातळ आहे, टर्बोच्या पिस्टनमध्ये ती स्पष्टपणे रुंद आहे. वरच्या खाचेला कठीण मुलामा आहे. पिन जाड आहे आणि पिनभोवतीचे कान वरच्या बाजूला अधिक भरीव आहेत. पिस्टन उलटा केला की आत एक छिद्र दिसते. सिलिंडरच्या तळाशी बसवलेल्या बारीक नळीतून उडणारी ऑइलची चिळकांडी त्या छिद्रातून माथ्याखालच्या पोकळीत जाते आणि उष्णता घेऊन खाली पडते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते (पिस्टन मुख्यतः याच धातूचे असतात) आणि जळणाऱ्या मिश्रणाचे तापमान २,००० अंशांच्या वर असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चिळकांडीची किंमत कळते. अशा नळ्या काही साध्या इंजिनांतही असतात, पण अनेकांत नसतात, आणि किटबरोबर तर त्या येतच नाहीत.

दुसरा मोठा फरक कॉम्प्रेशनचा. पिस्टन तळाशी असताना जेवढी जागा असते, ती पिस्टन माथ्यावर आल्यावर कितव्या हिश्श्यात आवळली जाते, तो आकडा म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. अलीकडच्या साध्या पेट्रोल इंजिनांत तो ११ किंवा १२ असतो आणि काहींत त्याहूनही जास्त असतो, टर्बोच्या इंजिनांत मात्र तो सहसा ९.५ ते १०.५ ठेवतात. साध्या इंजिनाला हवा कमी मिळते, म्हणून मिळालेली हवा शक्य तितकी आवळून तिच्यातून जास्तीत जास्त काम काढून घ्यायचे, हे त्याच्या रचनेचे सूत्र आहे. टर्बोच्या इंजिनात हवा आधीच दाबलेली आणि दाबल्यामुळे तापलेली येते. आपल्याकडची एप्रिलमधली ३८ अंशांची हवा टर्बोने एक बारने दाबली की ती १३० अंशांच्या आसपास तापते. म्हणून वाटेत ती हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो. एवढे करूनही ती बारा पटींनी आवळली, तर प्लगची ठिणगी पडल्यावर ज्वाळा पसरत असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपोआप फुटते. स्टीलच्या डब्यात खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो तो याचा, आणि त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. पिस्टनची पातळ भिंत तोडण्यास काही क्षणांचे जोरदार नॉकिंग पुरेसे असते.

हा धडा मोटार उद्योगाने साठ वर्षांपूर्वीच घेतला आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार विक्रीस आली. तिच्या साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.२५ इतके चढेच ठेवले होते आणि नॉकिंग टाळण्यासाठी मिथेनॉल आणि शुद्ध पाण्याचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जात असे. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब तोडावा लागे. ग्राहक ती टाकी भरत नसत, तक्रारी वाढल्या आणि १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. आपल्याला सुचवलेले काम याच जातीचे आहे, फक्त त्यात ती टाकीही नाही.

कारागीर म्हणेल की दाब कमी ठेवू, ०.३ किंवा ०.४ बारच देऊ आणि ठिणगी उशिरा पाडू. तसे करता येते. पण ठिणगी उशिरा पडली की मिश्रण उशिरापर्यंत जळत राहते आणि ती उष्णता एक्झॉस्टकडे, म्हणजे धुराच्या वाटेकडे, जाते. तिथे तिसरा फरक उभा असतो. टर्बोच्या पेट्रोल इंजिनात बाहेर पडणारा धूर ९०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो आणि समोर टर्बोचा अडथळा असल्यामुळे तो हेडमध्ये अधिक वेळ तुंबतो. म्हणून अशा अनेक इंजिनांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ दांड्याचे असून त्यांत सोडियम भरलेले असते. सोडियम ९८ अंशांना वितळते आणि व्हॉल्व्ह वरखाली होताना दांड्यात हिंदकळत व्हॉल्व्हच्या तोंडाची उष्णता वर नेऊन सोडते. व्हॉल्व्हच्या सीटची धातू वेगळी असते, सिलिंडरांतला धूर एकत्र करणारा मॅनिफोल्ड उष्णता सोसणाऱ्या मिश्र लोखंडाचा किंवा थेट हेडमध्येच ओतून पाण्याने थंड ठेवलेला असतो, हेड गॅस्केट पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचे असते आणि बऱ्याच इंजिनांत सिलिंडरभोवतीचा ब्लॉक वरच्या बाजूला अधिक भरीव ठेवलेला असतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टही सारखा नसतो. साध्या इंजिनात इनटेकच्या, म्हणजे हवा आत आणणाऱ्या, लांब नळ्या आणि व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळा अशा जुळवलेल्या असतात, की हवेच्या लाटांचा धक्का थोडी जास्तीची हवा आत ढकलतो. टर्बो असताना या जुळणीची तेवढी गरज उरत नाही.

कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, यांच्याविषयी एक गैरसमज मला नेहमी ऐकू येतो, की साधे इंजिन म्हणजे कच्चे इंजिन. तसे अजिबात नाही. होंडाच्या एस२००० या मोटारीचे दोन लिटरचे इंजिन टर्बोशिवाय ९,००० फेऱ्यांपर्यंत जात असे आणि जपानी आवृत्तीत २५० पीएस देत असे. पण तिथला ताण वेगळ्या प्रकारचा असतो. वेग वाढतो तसा पिस्टनचा झोका रॉडला ताणतो आणि हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तिथे पिस्टन हलका आणि रॉड सडपातळ हवा. टर्बोमध्ये मुख्य भार वरून दाबणारा असतो आणि तो १,५०० फेऱ्यांवर, म्हणजे बेअरिंगमधील ऑइलचा थर पातळ असताना येतो. म्हणून तिथे रॉडची कंबर जाड, क्रँक बहुधा घडीव पोलादाचा आणि बेअरिंगची धातू अधिक भार सोसणारी घेतात. दोन्ही रचना आपापल्या कामासाठी बळकट आहेत, मात्र एकीचे काम दुसरीवर टाकता येत नाही.

ऑइल पंपाची क्षमता, ऑइल कूलर, टर्बोच्या बेअरिंगला जाणारी आणि परतणारी ऑइलची वाट, मोठे इंजेक्टर, कमी फटीचे आणि थंड जातीचे प्लग, क्लच, गिअरबॉक्स, इंजिनाच्या संगणकातील इंधनाचे आणि ठिणगीचे तक्ते या सगळ्यांतही फरक असतो. त्या प्रत्येकाविषयी लिहीत बसत नाही.

एक अनुभव मात्र सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका तरुणाची अशीच हॅचबॅक आमच्याकडे टोचन करून आणली गेली. दुसऱ्या शहरातील एका गॅरेजमध्ये टर्बो किट बसवून चार महिने झाले होते. गाडी धूर ओकत होती आणि डिपस्टिकच्या नळीतून ऑइल बाहेर येत होते. हेड उतरवले तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती, पहिल्या रिंगखालची भिंत दोन ठिकाणी तुटली होती आणि त्या तुकड्यांनी सिलिंडरवर वरपासून खालपर्यंत ओरखडे काढले होते. टर्बो स्वतः धडधाकट होता. त्या मुलाने किटसाठी कर्ज काढले होते आणि हाफ इंजिनचा, म्हणजे ब्लॉक, पिस्टन, क्रँक या संचाचा, खर्च ऐकून तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. आपले पत्र वाचताना मला तोच आठवला, म्हणून इतके विस्ताराने लिहितो आहे.

कायद्याचेही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला असा बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो.

मग कसारा घाटाचे काय? आपले इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये ओढते, हा बिघाड नाही. साध्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत असते आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ४,००० फेऱ्यांवर चालवल्याने त्याला इजा होत नाही. आवाज वाढतो म्हणून लोक घाबरून चौथा टाकतात आणि गाडी गुदमरते. चढ लागण्याआधीच गिअर उतरवा, मधोमध नको. सर्वांत तीव्र टप्प्यावर दोन मिनिटे एसी बंद ठेवा. तरीही गाडी पूर्वीपेक्षा जड वाटत असेल, तर एअर फिल्टर, प्लग, टायरमधील हवा, अडकून घासणारा ब्रेक, घसरणारा क्लच आणि तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) या क्रमाने तपासून घ्या.

मामांचा सल्ला वाईट नाही. आठवड्यातून दोनदा भरल्या गाडीने घाट चढायचा असेल, तर कारखान्यातूनच टर्बोसह आलेली गाडी आपल्या कामाला योग्य ठरेल. पण तिचे नियम वेगळे आहेत आणि ते पाळण्याची तयारी हवी. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, त्यामुळे ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जातीचेच आणि मुदतीच्या आत बदललेले हवे. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा पाहून घ्या. तो २०२० साली आला आणि कमी फेऱ्यांवर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा जो धोका लहान टर्बो इंजिनांत असतो, त्याची चाचणी त्यात समाविष्ट आहे. याच धोक्यामुळे टर्बोच्या गाडीलाही घाटात पाचव्या गिअरमध्ये, १,३०० फेऱ्यांवर, पाय पूर्ण दाबून रेटू नका. टॉर्क आहे म्हणून ती ओढेल, पण पिस्टनच्या भिंतीला तेच सर्वांत जास्त जाचते. घाट चढून घाटनदेवीपाशी दर्शनाला थांबलात, तर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोतील ऑइल जागीच करपणार नाही. अ‍ॅव्हरेजच्या बाबतीतही अपेक्षा बेताची ठेवा. सावकाश चालवल्यास लहान टर्बो इंजिन चांगला अ‍ॅव्हरेज देते, पण पाय दाबला की जास्तीचे पेट्रोल जाते, कारण जास्तीची हवा फुकट येत असली तरी तिच्या प्रमाणात पेट्रोल घालावेच लागते. वापरलेली गाडी घेत असाल, तर ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा आणि इंटरकूलरकडे जाणारा पाइप सोडवून आत बोट फिरवा. पुसटशी ओल चालते, ऑइल साचलेले असेल तर ती गाडी सोडून द्या.

विकण्याचा विचार करण्यापूर्वी मात्र येत्या आठवड्यात एक काम करा. चांगल्या गॅरेजमध्ये इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची तपासणी, करून घ्या. मॅन्युअलमधील किमान आकड्याच्या वर चारही असतील आणि त्यांच्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल, तर आपले इंजिन आतून निरोगी आहे आणि त्याला आणखी बरीच वर्षे घाट चढता येईल. एखादा सिलिंडर मागे पडलेला दिसला, तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून टेस्ट पुन्हा करायला सांगा. आकडा वाढला तर दोष रिंगचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. दोन्ही वेळचे आकडे मला कळवा, पुढचे त्यावरून ठरवू.